पहिला नंबर कोणी ठरवला? ब्रिटनचा सिंगल्स चार्ट आणि त्याच्या तऱ्हा

तबकडीवाला :

फेब्रुवारी १९६३ मध्ये लिव्हरपूलमधल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारलं असतं, की सध्या पहिल्या नंबरावर कोण आहे, तर उत्तर ठरलेलं होतं : बीटल्स, 'प्लीज प्लीज मी'. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाच्या यादीत ते गाणं पहिलं होतं, 'मेलडी मेकर'च्या यादीतही पहिलं होतं. आज ब्रिटनचा अधिकृत इतिहास उघडा, तिथे ते दुसऱ्या नंबरावर थांबलेलं दिसेल. बीटल्सचं पहिलं 'नंबर वन' म्हणून नोंद आहे ती त्याच्या पुढच्या 'फ्रॉम मी टू यू'ची. २००० साली त्यांच्या पहिल्या नंबराच्या गाण्यांचा '१' नावाचा संग्रह निघाला. त्यात २७ गाणी आहेत, आणि ज्या गाण्याने ब्रिटनमध्ये त्यांचं वेड पसरायला सुरुवात झाली ते त्यात नाही.

असं का झालं? तर त्या काळी ब्रिटनमध्ये एकच चार्ट, म्हणजे सिंगल्सच्या (सुट्या गाण्यांच्या तबकड्यांच्या) आठवड्याच्या खपाची यादी, नव्हता. प्रत्येक साप्ताहिक आपापल्या ओळखीच्या दुकानांना विचारून आपापली यादी छापत असे. वाचकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुढे १९७७ मध्ये गिनेसने हिट सिंगल्सचा कोश काढला, तेव्हा संपादकांना पहिल्या आठवड्यापासून आजपर्यंत एकच सलग माळ हवी होती. त्यांनी १९६० च्या मार्चपर्यंत 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ची यादी घेतली आणि तिथून पुढे 'रेकॉर्ड रिटेलर' या दुकानदारांसाठीच्या व्यापारी साप्ताहिकाची. 'रेकॉर्ड रिटेलर'ची यादी पन्नास गाण्यांची होती, म्हणजे कोशासाठी सोयीची. पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती विचारायची ती दुकानं मोजकीच होती, आणि सामान्य श्रोत्याने ती बघितलेलीही नसायची. ज्या यादीवर लोक त्या वेळी पैजा लावत होते ती बाजूला पडली आणि जी कोणी वाचत नव्हतं तीच पुढे इतिहास झाली. मला ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

सुरुवातीची कथा त्याहून साधी आहे. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'मध्ये पर्सी डिकिन्स नावाचे गृहस्थ जाहिरातींचं काम बघत. त्यांनी सुमारे वीस दुकानांना फोन लावले, तुमच्याकडे या आठवड्यात सगळ्यात जास्त काय खपलं ते विचारलं, आणि १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात यादी छापली. यादीचं नाव 'टॉप ट्वेल्व्ह', आणि गाणी मात्र पंधरा, कारण बरोबरीत आलेल्या गाण्यांना एकच क्रमांक दिला होता. पहिलं होतं अल मार्टिनोचं 'हिअर इन माय हार्ट'. ते नऊ आठवडे हललं नाही. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, याच बरोबरीच्या पद्धतीमुळे एक विलक्षण आठवडा आला : पहिल्या नंबरावर एकाच वेळी दोन तबकड्या, फ्रँकी लेनची आणि डेव्हिड व्हिटफील्डची, आणि दोन्हींवर गाणं एकच, 'आन्सर मी'.

फेब्रुवारी १९६९ पासून बीबीसीने आणि व्यापारी साप्ताहिकाने मिळून एका सर्वेक्षण संस्थेला काम दिलं, आणि तिथून 'अधिकृत' या शब्दाला खरा अर्थ आला. पण पद्धत कशी, तर निवडक दुकानांनी वहीत हाताने विक्री लिहायची आणि आठवड्याच्या शेवटी ती वही टपालाने पाठवायची. १९७१ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला आणि वह्याच पोचेनात! शिवाय कोणतं दुकान वही भरतं हे कंपन्यांना कळलं, की तिथे माणसं पाठवून स्वतःचीच तबकडी विकत घ्यायची, विक्रेत्याला भेटवस्तू द्यायच्या, वहीत दोन जादा रेघा ओढून घ्यायच्या, हे सगळं चालायचं. जानेवारी १९८३ मध्ये काम गॅलप या दुसऱ्या सर्वेक्षण संस्थेकडे गेलं, दुकानांत यंत्रं बसली, आणि हा प्रकार बराच आटोक्यात आला.

या वह्यांच्या काळातला सगळ्यात गाजलेला आठवडा जून १९७७ चा. राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू होता आणि सेक्स पिस्टल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन' दुकानांतून भराभर उचललं जात होतं. बीबीसीने ते वाजवायला बंदी घातली. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने त्याला पहिलं छापलं. अधिकृत यादीत ते दुसरं, आणि पहिला रॉड स्टुअर्ट. यादी मुद्दाम फिरवली असा संशय तेव्हापासून आजवर बोलला जातो. तो सिद्ध झालेला नाही, म्हणून मी निकाल देणार नाही. पण एकाच देशात, एकाच आठवड्यात दोन याद्या दोन वेगळी उत्तरं देतात, तेव्हा 'नंबर वन' ही निसर्गातली गोष्ट नसून माणसांनी केलेली मोजणी आहे एवढं तरी मान्य करावं लागतं.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र सप्टेंबर १९९० चा. स्टीव्ह मिलर बँडचं 'द जोकर' हे १९७३ चं गाणं एका जीन्सच्या जाहिरातीमुळे परत आलं होतं, आणि डी-लाइटचं 'ग्रूव्ह इज इन द हार्ट' नवंकोरं होतं. मोजणीत दोन्ही अगदी बरोबरीत आली. आता पन्नासच्या दशकासारखं दोघांना पहिलं करता आलं असतं. पण मधल्या काळात नियम झाला होता, की बरोबरी झाली तर मागच्या आठवड्यापेक्षा ज्याची विक्री जास्त वाढली ते वर. म्हणून 'द जोकर' पहिलं झालं. 'ग्रूव्ह इज इन द हार्ट' पुढेही कधीच पहिल्या नंबरावर गेलं नाही. आज कुठल्याही पार्टीत कोणतं गाणं लागल्यावर लोक उठतात ते बघा, आणि कोशात कोणाच्या नावापुढे 'एक' लिहिलंय ते बघा.

दुसऱ्या नंबराच्या गाण्यांवर माझा जीव आहे. अल्ट्राव्हॉक्सचं 'व्हिएन्ना' १९८१ मध्ये दुसऱ्या नंबरावर अडकून राहिलं, कारण वर आधी जॉन लेननचं 'वुमन' होतं आणि मग तीन आठवडे जो डोल्चेचं 'शॅडप यू फेस' हे गमतीचं गाणं. त्याआधी १९६७ मध्ये बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' ही दोन गाणी असलेली तबकडी एंगेलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'च्या मागे राहिली होती. पॉप संगीताच्या इतिहासातली बहुधा सगळ्यात श्रीमंत तबकडी, आणि दुसरी!

क्रमांक हा शेजाऱ्यांवर ठरतो, हे आपण विसरतो. मार्च २००६ मध्ये ऑर्सन या बँडचं 'नो टुमॉरो' १८ हजारांहूनही कमी विक्रीवर पहिलं आलं. १९८४ च्या नाताळात व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस' दहा लाखांच्या वर खपलं आणि दुसरं राहिलं, कारण त्याच्या वर बँड एडचं गाणं होतं. कोशात पहिल्याला मान आहे, दुसऱ्याला तळटीप.

तुम्हाला या चार्टमधलं काय आठवतं, काय खटकतं, ते लिहा. वाद झाला तरी चालेल.


शुक्रतारा :

सुंदर धागा. 'आन्सर मी'ची गोष्ट ठाऊक नव्हती.

एक भर घालते. एकच गाणं वेगवेगळ्या गायकांनी पहिल्या नंबरावर नेण्यात 'अनचेन्ड मेलडी'चा हात कोणी धरू शकत नाही. जिमी यंग १९५५, रायचस ब्रदर्स १९९०, रॉबसन आणि जेरोम १९९५, गॅरेथ गेट्स २००२. चार वेळा, चार वेगळे आवाज. यातलं रायचस ब्रदर्सचं ध्वनिमुद्रण १९६५ चं, पण ब्रिटनमध्ये पहिलं झालं ते पंचवीस वर्षांनी, एका चित्रपटात वाजल्यामुळे.


पाचगणीकर :

आमच्या गावाचं नाव कोणीच घेतलं नाही अजून? फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, पण शाळा पाचगणीची. सेंट पीटर्समध्ये होता, तिथेच पियानो शिकला, तिथेच मुलांचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड केला. गावातली जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात.

आणि चार्टबद्दल म्हणाल तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. एकच ध्वनिमुद्रण दोन वेगळ्या नाताळात पहिलं : १९७५ आणि १९९१. पहिल्या खेपेला नऊ आठवडे, दुसऱ्या खेपेला, फ्रेडी गेल्यानंतर, पाच आठवडे. पाचगणीच्या शाळेतल्या मुलाने रचलेलं जवळपास सहा मिनिटांचं गाणं, ज्याच्याबद्दल सगळे म्हणत होते की एवढं लांब रेडिओवाले वाजवणार नाहीत.


तबकडीवाला :

@पाचगणीकर, वाटच बघत होतो! आणि १९७६ च्या जानेवारीत त्या गाण्याला पहिल्या नंबरावरून खाली कोणी आणलं माहीत आहे? आब्बाच्या 'मामा मिया'ने. जे शब्द 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेरावाल्या भागात कोरस ओरडत असतो, तेच शब्द शीर्षकात घेऊन दुसरं गाणं आलं. कोणी ठरवून केलेलं नाही, निव्वळ योगायोग, पण चार्टच्या वह्या चाळणाऱ्याला असले योगायोग खजिन्यासारखे वाटतात.

भारताशी नातं असलेल्यांची यादी इथे थांबत नाही. क्लिफ रिचर्ड लखनौचा, मूळ नाव हॅरी वेब. १९५९ च्या 'लिव्हिंग डॉल'पासून १९९९ पर्यंत, सलग पाच दशकांत प्रत्येक दशकात किमान एकदा पहिला नंबर, असा विक्रम त्याच्या नावावर आहे. आणि वर मी ज्याच्यावर रुसलो तो एंगेलबर्ट हम्परडिंक जन्माने मद्रासचा. म्हणजे 'पेनी लेन'ला अडवणारा माणूस आपल्याच मातीत जन्मला होता.


लेस्टरचा_पाऊस :

मद्रासमध्ये जन्मला, पण वाढला आमच्या लेस्टरमध्ये, हेही लिहा हो! इथले जुने लोक त्याला आपलाच मानतात.

लेस्टरचाच आणखी एक बँड, कॉर्नरशॉप. इथे राहणाऱ्या मराठी माणसासाठी याहून मोठी गोष्ट चार्टमध्ये नाही. 'ब्रिमफुल ऑफ आशा', थेट आपल्या आशाताईंवरचं गाणं. सांगलीत जन्मलेल्या बाईंच्या आवाजावर प्रेम करणारा त्जिंदर सिंग नावाचा मुलगा इंग्रजीत त्यांच्यावर गाणं लिहितो, त्यात लताबाई आणि रफीसाहेबांचीही नावं घेतो, पार्श्वगायन म्हणजे काय ते गोऱ्या श्रोत्यांना सांगतो, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत ते ब्रिटनमधलं पहिल्या नंबराचं गाणं होतं. तेव्हा मी इथे नवीन होतो. कामावरच्या एका गोऱ्या सहकाऱ्याने मला विचारलं, ही आशा कोण? मी त्याला दुसऱ्या दिवशी कॅसेट नेऊन दिली.


अबोली :

@लेस्टरचा_पाऊस, अंगावर काटा आला वाचताना.

पण एक प्रश्न. हे गाणं आधीही निघालं होतं ना? मग तेव्हा का नाही चाललं?


तबकडीवाला :

@अबोली, बरोबर. मूळ गाणं १९९७ मध्ये आलं आणि ६० व्या क्रमांकावर थांबलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, याने त्याचा वेग वाढवून, खाली जाड ठेका घालून रीमिक्स केलं. ते आधी क्लबांमध्ये आणि रेडिओवर फिरलं, लोक दुकानात जाऊन मागायला लागले, आणि विक्रीला आलं त्याच आठवड्यात थेट पहिल्या नंबरावर. नव्वदच्या दशकाची ही ठरलेली रीत होती : गाणं कित्येक आठवडे आधी रेडिओवर वाजवायचं, विकायला नंतर आणायचं, म्हणजे साठलेली सगळी मागणी पहिल्याच आठवड्यात फुटते. त्यामुळे त्या दशकातली पहिल्या नंबराची गाणी बघाल तर वरून उडी मारून येतात आणि पुढच्या आठवड्यात उतरतात. पन्नासच्या दशकात गाणं पायरी पायरीने चढायचं. १९५८ च्या जानेवारीत एल्व्हिसचं 'जेलहाउस रॉक' पहिल्याच आठवड्यात पहिलं आलं ते तसं करणारं ब्रिटनमधलं पहिलं गाणं, आणि तेव्हा ती खरोखर बातमी होती.

मला मूळ ६० व्या क्रमांकाचं रूप जास्त आवडतं, हेही सांगून टाकतो. त्यात ते गाणं घाईत नाही.


अबोली :

धन्यवाद! मग लताबाईंचाही उल्लेख व्हायला हवा. ब्रिटनी स्पीअर्सचं 'टॉक्सिक' २००४ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये पहिलं होतं. त्यातले ते चिरत जाणारे व्हायोलिनचे सूर १९८१ च्या 'एक दुजे के लिये'मधल्या 'तेरे मेरे बीच में'मधून घेतलेले आहेत. लताबाई आणि एसपीबींचं (एस. पी. बालसुब्रह्मण्यम) गाणं, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. लताबाईंचा आवाज त्यात ओळखू यावा असा नाही, पण तो तुकडा आपल्या मुंबईच्या वादकांच्या हातून वाजलेला आहे. ब्रिटनच्या पहिल्या नंबराच्या गाण्यात मुंबईच्या स्टुडिओतलं व्हायोलिन. त्या वादकांपैकी कोणाला हे कळलं असेल का, असा विचार मनात येतो.

पुढच्याच वर्षी ब्लॅक आइड पीजचं 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं, त्यात आशाताईंच्या 'ये मेरा दिल'चा तुकडा आहे.


जुनी_पेटी :

धागा मनापासून वाचला. मी इंग्रजी गाणी फारशी ऐकलेली नाहीत, पण १९५२ हे साल वाचून थांबलो. आमची बिनाका गीतमाला त्याच वर्षी, डिसेंबरात, रेडिओ सिलोनवर सुरू झाली. म्हणजे तुमच्या डिकिन्स साहेबांची यादी आणि आमच्या अमीन सायानींचा कार्यक्रम यांत जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर. दोघांनाही एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही.

बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या आळीत एकच आवाज यायचा. पायदान वर गेलं, खाली गेलं, यावर शाळेत दुसऱ्या दिवशी भांडणं. गीतमालेतही दुकानांतल्या तबकड्यांच्या खपाबरोबर श्रोता संघांचं मत धरलं जायचं. कोणी तेव्हाही म्हणायचं की अमुक गाण्यावर अन्याय झाला. पण मला वाटतं, यादी खरी की खोटी यापेक्षा सगळ्या देशाने एकाच वेळी एकच गाणं ऐकणं ही मोठी गोष्ट होती. तुम्ही मोजणीच्या पद्धतीवर एवढं लिहिलंत, श्रोत्यांच्या त्या एकत्र ऐकण्यावर थोडं कमी लिहिलंत असं वाटलं.


तबकडीवाला :

काका, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि आवडलंही. ब्रिटनमध्ये ती जागा रविवारच्या संध्याकाळची होती. १९८७ च्या ऑक्टोबरपासून नवीन यादी रविवारीच, रेडिओ वनवर, खालून वर मोजत जाहीर होऊ लागली. त्याआधी ती मंगळवारी दुपारी समजायची. मुलं कॅसेट लावून बसायची आणि निवेदक बोलायला लागला की रेकॉर्डिंगचं बटण सोडायची. २०१५ च्या जुलैत जगभर नवीन गाणी शुक्रवारी यायला लागली आणि चार्टही शुक्रवारी गेला. सोय झाली खरी, पण आठवडा संपवणारी ती एकत्र बैठक मोडली.

मात्र पद्धतीबद्दल मी हट्टी राहणार. सगळ्यांनी मिळून ऐकलं त्यातलं काय नोंदलं गेलं हे पद्धतीनेच ठरतं, आणि पन्नास वर्षांनी हातात फक्त नोंद उरते.


आकडेमोड :

इथे आत्ताच्या नियमांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मला हा विषय कामामुळेही जवळचा आहे.

डाउनलोड एप्रिल २००५ मध्ये धरायला लागले, पण अट होती की गाण्याची सीडी किंवा तबकडी दुकानात यायला हवी. २००६ मध्ये नार्ल्स बार्कलीचं 'क्रेझी' केवळ डाउनलोडवर पहिलं आलेलं पहिलं गाणं ठरलं, कारण सीडी येण्याच्या आठवडाभर आधीपासून डाउनलोड मोजायची मुभा मिळाली होती. नऊ आठवडे वर राहिल्यावर लोकांना कंटाळा यायच्या आत ते बंद करावं म्हणून सीडी बाजारातून काढून घेतली गेली. सीडी नाही म्हणजे डाउनलोडही बाद. त्यामुळे गाणं पाचव्या क्रमांकावरून थेट यादीबाहेर, आणि तेही लोक विकत घेत असताना. जानेवारी २००७ मध्ये ती अट काढली, तशी जुनी गाणीही आत यायला मोकळी झाली.

मग जुलै २०१४ पासून स्ट्रीमिंग. आधी १०० वेळा ऐकणं म्हणजे एक विक्री, २०१७ च्या सुरुवातीपासून १५०. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा नवीन अल्बम आला आणि त्यातली सगळीच्या सगळी १६ गाणी पहिल्या वीसमध्ये, पहिल्या दहातली नऊ! एकेकाळी सिंगल म्हणजे निवडून काढलेलं गाणं होतं. इथे लोक अल्बम लावून देत होते आणि प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जात होतं. त्यानंतर दोन नियम आले : एका कलाकाराची मुख्य गायक म्हणून जास्तीत जास्त तीनच गाणी चार्टमध्ये, आणि बराच काळ यादीत राहून सलग तीन आठवडे उतरणीला लागलेल्या गाण्याच्या स्ट्रीमची किंमत निम्मी. आता पैसे भरून ऐकणाऱ्याचे १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री, फुकट ऐकणाऱ्याचे ६०० म्हणजे एक, आणि उतरणीच्या नियमात तेच २०० आणि १२००.

माझं मत : हे नियम योग्य आहेत. नाहीतर चार्ट हलणारच नाही.


शुक्रतारा :

@आकडेमोड, माहिती उत्तम, पण मत पटलं नाही. दुकानात पैसे देणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं की हे गाणं जुनं आहे, तुझा अर्धाच पैसा मोजतो. लोक जुनं ऐकत असतील तर जुनंच पहिलं असू द्या. ब्रायन अ‍ॅडम्स १९९१ मध्ये सलग १६ आठवडे पहिला होता. लोक कंटाळले, तक्रारी केल्या, पण मोजणीत कोणी हात घातला नाही.


तबकडीवाला :

या भांडणात मी शुक्रताराच्या बाजूने. त्याचं कारण गायिका केट बुशची २०२२ ची गोष्ट.

'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं होतं. २०२२ च्या मे महिन्यात ते एका अमेरिकन मालिकेत आलं, 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये, आणि १९८५ मध्ये जन्मालाही न आलेली मुलं ते ऐकू लागली. पण गाणं जुनं, म्हणून त्याचे स्ट्रीम निम्म्या किमतीने मोजले जात होते. लोक सगळ्यात जास्त तेच ऐकत होते आणि यादीत वर हॅरी स्टाइल्सचं 'अ‍ॅज इट वॉज'. शेवटी चार्टवाल्यांनी अपवाद करून त्याला नवीन गाण्याचा भाव दिला आणि जूनमध्ये ते पहिलं झालं, प्रकाशित झाल्यानंतर ३७ वर्षांनी. तिच्या आधीच्या पहिल्या नंबरापासून, म्हणजे १९७८ च्या 'वदरिंग हाइट्स'पासून, ४४ वर्षांनी.

मला त्या बातमीने फार आनंद झाला होता. पण विचार करा, अपवाद मागायला तिच्यामागे कंपनी होती, गाजावाजा होता. ज्या जुन्या गाण्यामागे कोणी नाही त्याचं काय? नियम असा हवा की केट बुशला अपवाद मागावाच लागू नये.


आकडेमोड :

मुद्दा आहे. पण मग दर डिसेंबरात काय होतं ते बघा. नाताळची तीच गाणी वर येतात आणि नवीन कलाकाराला जागाच उरत नाही. 'लास्ट ख्रिसमस' १ जानेवारी २०२१ च्या यादीत पहिलं झालं, ३६ वर्षांनी. पुढच्याच आठवड्यात पहिल्या शंभरातूनही बाहेर. त्यात संगीताचं काय मोजलं गेलं?


लेस्टरचा_पाऊस :

संगीताचं नसेल, पण माणसांचं मोजलं गेलं ना! व्हॅमचा गायक जॉर्ज मायकल गेला तोच नाताळच्या दिवशी, २०१६ मध्ये. त्यानंतर इथे दर वर्षी लोक म्हणायचे, या वर्षी तरी त्याला पहिला करू. तो आठवडा आला तेव्हा बाहेर सगळं बंद होतं, साथ चालू होती, आणि ओळखीचे सगळे एकमेकांना निरोप पाठवत होते. २०२३ आणि २०२४ मध्ये तर ते नाताळच्या आठवड्यातच पहिलं होतं. व्हॅमच्या माणसांना १९८४ मध्ये जे मिळालं नाही ते.

नाताळचा पहिला नंबर म्हणजे इथे जवळपास सण असतो. २००५ ते २००८, सलग चार वर्षं एका टीव्ही स्पर्धेचा विजेताच पहिला यायचा. २००९ मध्ये एका जोडप्याने फेसबुकवर आवाहन केलं आणि लोकांनी रेज अगेन्स्ट द मशीनचं १९९२ चं 'किलिंग इन द नेम' पाच लाखांवर डाउनलोड करून पहिलं आणलं. ते गाणं नाताळचं नव्हे, प्रेमाचंही नव्हे, संतापाचं. तेव्हा घराघरात वाद होते. माझी मुलगी एका बाजूला, मुलगा दुसऱ्या.


जुनी_पेटी :

म्हणजे श्रोता संघच की हे! पोस्टकार्डाऐवजी फेसबुक एवढाच फरक.


तबकडीवाला :

अगदी तेच, काका. आणि त्याच्या आदल्या वर्षीचा नाताळही नोंदवून ठेवा. २००८ मध्ये 'हॅलेलुया' हे एकच गाणं एकाच आठवड्यात तीन ठिकाणी होतं. पहिल्या नंबरावर त्या स्पर्धेची विजेती अलेक्झांड्रा बर्क. तिच्या रूपाला विरोध म्हणून लोकांनी जेफ बकलीचं जुनं रूप उचललं, ते दुसरं. आणि ज्याने ते लिहिलं त्या लेनर्ड कोहेनचं स्वतःचं, १९८४ चं मूळ ध्वनिमुद्रण ३६ व्या क्रमांकावर. जानेवारी २००७ चा नियम बदलला नसता, तर दुकानात सिंगल म्हणून नसलेलं कोहेनचं जुनं मुद्रण त्या यादीत येऊच शकलं नसतं. शुक्रतारा, तुमच्या 'अनचेन्ड मेलडी'ने चार पहिले नंबर चार वेगळ्या वर्षांत मिळवले. 'हॅलेलुया'चे तिघे एकाच आठवड्यात, एकाच यादीत. मला विचाराल तर तिघांत बकली. तुमचं काय?


शुक्रतारा :

कोहेन. ३६ वा असला तरी.